निनाईच्या आंब्यावरचं घरटं

सावर फुलली की माझं डोकं फिरायला लागतं. ती लाल फुलं बघून इतरांना म्हणे काय काय सुचतं. मला फक्त वैताग सुचतो. कोल्हापुरात त्या दिवसांत हवेला गुऱ्हाळाचा गोड वास असतो, पेटवलेल्या पाचटाची काजळी उडत येऊन गच्चीवरच्या धुण्यावर बसते आणि घरोघरी त्या काजळीवरून चिडचिड चाललेली असते. त्यामुळे माझी चिडचिड वेगळी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. बायकोच्या मात्र येतं. ती कपाटावरची दुर्बिणीची पिशवी काढते, झटकते, दारात आणून ठेवते आणि म्हणते, "घ्या, आला तुमचा वैतागायचा सीझन."

माझं चष्म्याचं दुकान आहे, सहजासहजी सापडणार नाही अशा एका बोळात. दिवसभर मी लोकांना खुर्चीत बसवून समोरची अक्षरं वाचायला लावतो आणि काच बदलून विचारतो, आता दिसतंय का? बरं, आता? सुट्टीच्या दिवशी हाच प्रश्न स्वतःला विचारायला मी डोंगरात जातो. पहाटेची एसटी धरून मलकापूर, तिथून वडापची जीप मिळेल तिथवर, मग पायी. मोरघार दिसतेय का हे बघायचं असतं. बहुतेक वेळा दिसत नाही. दिसत नाही हे बघायला इतक्या लांब कशाला जायचं, असं एका गिऱ्हाइकानं मला अगदी मनापासून विचारलं होतं. मी त्याच्या चष्म्याचा स्क्रू जरा जास्तच जोरात पिळला.

मोरघार म्हणजे मासळीबाजारावर घिरट्या घालणारी घार नव्हे. ही रानातली, गरुडाच्या कुळातली. डोक्यावर मागच्या बाजूला उभा तुरा, नुकतंच झोपेतून उठून केस न विंचरता आल्यासारखा. डोळे पिवळे, आणि त्या डोळ्यांनी ती आपल्याकडे बघते तेव्हा आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागतं. एवढा दांडगा पक्षी, पण ओरडतो मात्र शिट्टी घातल्यासारखा, एकीवर एक चढत जाणारी शिट्टी. ती वर्षाला एकच अंडं घालते. ते गेलं की त्या जोडीचं ते वर्ष गेलं. घरट्यासाठी तिला जुनं, भक्कम झाड लागतं, आणि जुनं भक्कम झाडच करवतवाल्याच्या नजरेत आधी भरतं.

आम्हा काही पाखरवेड्यांनी मलकापूरपलीकडच्या दऱ्या आपसांत वाटून घेतल्या होत्या. कोणत्या दरीत जोडी आहे, घरटं कुठं आहे, पिल्लू उडालं का, एवढंच बघायचं. माझ्या वाट्याच्या दरीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या शिट्ट्या दोन्ही अंगांनी ऐकू यायच्या. मग कुणाच्या तरी मालकीच्या रानातला मोठा फणस गेला, त्याबरोबर घरटं गेलं. काजूसाठी एक आख्खा उतार साफ झाला. वळणावर 'निसर्गाच्या सान्निध्यात' अशी पाटी लावून राहण्या-खाण्याची सोय झाली आणि निसर्ग तेवढा तिथून उठून गेला. मी त्याच त्या दगडांवर जाऊन बसायचो आणि घरी येऊन लिहायचो, दिसली नाही. एकदा हे सगळं घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी चहा मागवला, आपुलकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे वाघाच्या संबंधातलं काही आहे का? नाही म्हटल्यावर चहा लवकर संपला.

एका वर्षी मात्र सावर फुलली आणि मोरघार सापडली. गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव कळलं की माणसं बघायला जातात, आणि माणसं बघायला गेली की काय होतं ते पुढं येईलच. मलकापूर सोडल्यावर आत वळणाऱ्या एका रस्त्याला ते गाव आहे, आणि गावाच्या वरच्या अंगाला निनाईची राई. देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी घरी नेत नाही. मधोमध एक रायवळ आंबा, चार माणसांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या बुंध्याशी उघड्यावर बसलेली निनाई, म्हणजे शेंदूर लावलेला पाषाण.

त्या राईतली ती सकाळ मला अजून अंगावर घेता येते. आंबा मोहोरला होता. त्या वासानं डोकं जड व्हायचं. पायाखाली पानांचा थर इतका जाड, की पाऊल टाकलं की आत कुठंतरी ओल लागायची. कुठल्यातरी वेलीची फुलं टपटप गळत होती. मी मान वर केली, तर उंचावरच्या बेचक्यात काटक्यांचा हा एवढा ढीग, आणि त्याच्या काठावर हिरव्यागार पानांची डहाळी. वाळक्या काटक्यांवर ताजं हिरवं. मोरघार घरट्यात रोज ओला पाला आणून अंथरते. हिरवं दिसलं की समजायचं, घर नांदतंय. मला रडू आलं हे मी आमच्या पाखरवेड्यांच्या कंपूत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रडण्याच्या मधोमध मागून आवाज आला, "कोण पावणं? हितं काय करताय?" राईतली सगळी पाखरं उडाली. हा बंडू गुरव. देवीची पूजा त्याच्या घराण्याकडं. माणूस सज्जन, पण त्याचा साधा आवाज म्हणजे दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला हाक. आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात, मीही बोलतो, तरी बंडूपुढं मी कुजबुजतोय असं वाटायचं. मी त्याला घरटं दाखवलं, हिरव्या डहाळीचा अर्थ सांगितला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, ही तर कोंबड्या न्हेणारी अवदसा. पण देवीच्या झाडावर बसलीय म्हटल्यावर तिला हुसकायचा प्रश्नच नाही, असंही तोच म्हणाला. एवढं रान का राहिलं, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

मग आठवड्या-दोन आठवड्यांत बातमी आली की गावानं देवीचं देऊळ बांधायचं ठरवलंय. पक्कं, शिखराचं. वाळू पडली, सिमेंट आलं, आणि शिखराच्या आड येतोय म्हणून आंबा काढायचं ठरलं. मोरघार तेव्हा अंड्यावर बसलेली. मी दुकान बंद करून धावलो. गावाच्या सभेत उभं राहून सांगितलं, या दरीत ही एकच जोडी उरलीय, पिल्लू उडेपर्यंत तरी थांबा. सरपंच सुनंदावैनी होत्या. हुशार बाई, गावात नळाचं पाणी त्यांनीच आणलेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पावणं, तुमचं पाखरू म्हत्त्वाचं हाय, आमी न्हाय म्हणत न्हाय. पर देवीनं उनापावसात किती दिस काढायचं?" याचं उत्तर कुणाकडं असेल तर मला सांगावं.

शेवटी ठरलं की देवीलाच विचारायचं. कौल लावायचा. बंडूनं पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, की निनाई माये, झाड काढायचं असंल तर उजवी दे, ठेवायचं असंल तर डावी दे. सगळं गाव समोर बसलेलं. जन्मात पहिल्यांदा ते गाव गप्प होतं. मी देव मानणारा माणूस नाही, पण त्या दोन कळ्यांकडं मी जसा बघत होतो तसं कधी कुणाच्या डोळ्यांतही बघितलेलं नाही. उन्हाचा कवडसा सरकत सरकत उजव्या कळीवर आला. ती वाळणार, सुटणार, पडणार, हे मला धडधडीत दिसत होतं. वर मोरघार एकदा शिट्टी घालून गप्प झाली. आणि पडली ती डावी. बंडूनं हात जोडले, मी जोडले, सुनंदावैनींनी कपाळ टेकलं. त्या क्षणी मला वाटलं, कागद घेऊन त्या साहेबांच्या कार्यालयात जाण्यापेक्षा मी आधी इथं यायला हवं होतं.

इथंच हा लेख संपला असता तर किती बरं झालं असतं.

देवीनं झाड राखलं. का राखलं? पाखरासाठी. म्हणजे पाखरू देवीचं. गावाचा हिशेब सरळ होता आणि त्यात एकही पायरी चुकलेली नव्हती. देवीच्या पाखराचं गावानं काहीच करायचं नाही, हे कुणाच्याच मनाला पटेना. देऊळ तर बारगळलं होतं, त्यासाठी आलेली वाळू आणि सिमेंट पडूनच होतं. त्याचा आंब्याला गोल पार बांधायचं ठरलं. मी पुढच्या सुट्टीला गेलो तर बुंध्यापासून पाला खरवडून काढलेला, खाली खडीसिमेंट कालवणारं यंत्र घरघरतंय, आणि वर मोरघार उठतेय, बसतेय, उठतेय. मी हातापाया पडून काम दुपारपुरतं थांबवलं. सगळ्यांना पटलं. बंडूला तर इतकं पटलं की राईच्या त्या टोकाला असलेल्या गवंड्यांना तो या टोकावरून ओरडला, "ए, हळू बोला रं! वर बाळतीन हाय!"

तरीही अंडं फुटलं. यंत्र, गवंडी, बंडू, सगळ्यांना पुरून ती बसून राहिली आणि एका सकाळी मला घरट्याच्या काठावर पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. कापसाचं बोंड उकलल्यासारखं पिल्लू. मी सुनंदावैनींना दुर्बिणीतून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या की आमच्या धाकटीच्या घरीबी औंदा असाच आनंद हाय. मी त्यांना विनवलं, आता काही करू नका. अगदी काहीच करू नका. लांबून हात जोडा आणि घरी जा. त्या हो म्हणाल्या. खोटं बोलल्या असं मला आजही वाटत नाही.

होळी झाली आणि देवीची जत्रा आली. त्या वर्षी जत्रेला मान वेगळा होता. रस्त्याच्या तोंडाला भलाथोरला फ्लेक्स. त्यावर मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो, आणि मध्ये 'निनाईचं पाखरू' म्हणून पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा, कुठल्यातरी परदेशातला गरुड. हा आपला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गावच्या लेकी माहेरी आल्या होत्या. गडमुडशिंगीची आली, जयसिंगपूरची भडंगाचे पुडे घेऊन आली, आणि प्रत्येकीला माहेरचं नवं कौतुक बघायचं होतं. पारावर हळदीकुंकवाचा सडा. नारळ फुटतायत, धूप जळतोय, नवी घंटा दर मिनिटाला वाजतेय. आणि कुणाच्या तरी डोक्यातून नवस निघाला होता, की पाखराला कोंबडं सोडायचं. जी कोंबड्या नेते म्हणून कालपर्यंत शिव्या खात होती, तिच्यासाठी लोकांनी पाय बांधलेल्या जिवंत कोंबड्या पारावर आणून ठेवल्या होत्या. कोंबड्यांवर कुत्री जमली आणि सांडलेल्या नैवेद्यावर कावळे.

मग हलगी सुरू झाली, आणि आंब्याच्याच फांदीला बांधलेले कर्णे.

मोरघार उठली ती परत बसलीच नाही. राईवर उंच घिरट्या घालत राहिली. लोकांनी माना वर करून हात जोडले. ती दर्शन देतेय असं त्यांना वाटलं. मी सुनंदावैनींना गर्दीतून शोधून काढलं आणि हलगीवर आवाज चढवून सांगितलं की पिल्लू उन्हात उघडं पडलंय, ते मरेल, हे सगळं बंद करा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. घरी आलेल्या पाहुण्यानं भरल्या ताटावरून उठून जावं, तसं काहीतरी होतं.

"पावणं," त्या म्हणाल्या, "आमी तिचीच तर सेवा करतोय न्हवं?"

संध्याकाळी मी घरट्याला दुर्बीण लावली तेव्हा काठावर कावळा बसला होता.

यानंतर मी कुणावर चिडायचं होतं ते मला कुणीतरी सांगा. करवत घेऊन आलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला येतं. त्याला कायदा दाखवता येतो, आडवं पडता येतं, निदान शिव्या देता येतात. पण जो तुमच्या पाखरापुढं नारळ फोडतोय त्याला काय म्हणायचं? कंपूतले म्हणाले, लिही, मानवी हस्तक्षेपामुळे घरटं अपयशी. मी तसं लिहिलं. लिहिताना तळपायाची आग मस्तकात गेली. हस्तक्षेप म्हणे. ज्यानं झाड वाचवलं तोही हस्तक्षेपच होता. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आपल्याला पहिला मुलगा झाला तेव्हा तुमच्या आत्त्यांनी बघायला आणलेली माणसं आठवतायत? मला त्यावर हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी मोरघार आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आणि गाव हादरलं. देवीचं पाखरू गेलं, म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. मी सांगून जे झालं नव्हतं ते भीतीनं झालं. बंडूनं पुन्हा कौल लावला, आणि त्या कौलाप्रमाणं जत्रा खाली शाळेच्या माळावर गेली. आंब्यावरचे कर्णे उतरले, घंटा काढली, फ्लेक्स तर पावसानंच नेला होता. पाराच्या फटींतून आता गवत वर आलंय. कोंबडं सोडायचं तर सोडाच, राईत कुणी चपला घालूनही जात नाही. मी जे जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं आहे, एक सोडून.

तरी मी दर वर्षी जातो. दरीत इतरत्र कुठं शिट्टी ऐकू येते का बघतो आणि उतरणीला निनाईच्या राईत टेकतो. का जातो ते मला सांगता येत नाही. औंदाही सावर फुलली, बायकोनं पिशवी दारात ठेवली आणि मी गेलो. दरीत काही नव्हतं. राईच्या तोंडाशी बंडू उभा होता, वाट बघत असल्यासारखा. मला बघून त्यानं हाक मारली नाही. हातानं खूण केली. जवळ गेलो तर त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं. माझा दंड धरून त्यानं मला आंब्यापर्यंत नेलं आणि बोट वर केलं.

घरट्याच्या काठावर हिरवं होतं.

माझ्या छातीत काय झालं ते मी लिहीत नाही. दुर्बीण काही केल्या जुळेना. जिंदगी काचा जुळवण्यात घालवलेला माणूस मी. शेवटी जुळली. पानं तांबूस-हिरवी, कोवळी, देठावर हलणारी. पिंपळ. कुठल्यातरी पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असेल, सडलेल्या काटक्यांत रुजलं असेल. घरट्याच्या मधोमध पिंपळाचं रोप उभं होतं, आणि त्याची मुळं बहुतेक आंब्यातही उतरत असतील.

बंडू माझ्या तोंडाकडं बघत होता. हिरवं दिसलं की घर नांदतंय, हे मीच त्याला शिकवलं होतं. इतक्या वर्षांचा सगळा वैताग एकदम बाहेर पडला. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे बंडू, ते पिंपळाचं रोप आहे. ती गेली. आता नाही यायची."

माझा आवाज राईभर घुमला. त्याच वेळी खालच्या वाटेनं कुणीतरी मोटारसायकल घेऊन वर येत होता. राईची हद्द लागताच त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गाडी ढकलत, आमच्याकडं न बघता, गवतातून निघून गेला. रोजचंच असल्यासारखा.

बंडूनं ओठांवर बोट ठेवलं. ज्याच्या हाका दोन डोंगर ओलांडायच्या, तो माणूस माझ्या कानाशी वाकला आणि जेमतेम ऐकू येईल असं बोलला.

"हळू बोला की, पावणं. आलं असलं तर?"